दाताच्या माणसाची मतं

लिथुआनियाचा तो सिनेमा मला आवडला नाही.
बोरकुटे म्हणतात, तुम्ही झोपलात.
झोपलो, मान्य. पण उठलो तेव्हाही
ती बाई तोच बटाटा सोलत होती
आणि साल एकाच तुकड्यात
खाली खाली उतरत होती, न तुटता.
एवढं मात्र अजून विसरलो नाही.

धंतोलीत, होमिओपॅथीच्या दवाखान्यावरचा हॉल.
दुसरा शनिवार, अकरा माणसं, सोळा खुर्च्या.
मे महिन्यात कूलर लावला तर संवाद ऐकू येत नाहीत,
बंद केला तर माणूस उकडून निघतो.
मतदान घेतलं.
खाली अक्षरं येतात तर कान कशाला हवेत,
कूलर जिंकला.
तेव्हापासून जगातले सगळे लोक
वाळ्याच्या वासात बोलतात.
फिनलंडच्या बर्फालाही
माझ्यापुरता तोच वास आहे.

मी कवळ्या बनवतो. गांधीबागेत, पस्तीस वर्षं.
म्हणून आधी दात पाहतो.
त्या कोरियन पोराचे, गरीब, मासे विकणाऱ्या,
दात इतके सरळ
की पुढचे दीड तास मला त्याची गरिबी पटली नाही.
पण बोलिव्हियाची ती म्हातारी!
वरचे दोन नाहीत, खालचा एक हलतो,
बोलताना जिभेनं त्याला थोपवून धरते.
हे कुणी शिकवत नाही.
दिग्दर्शकाला दिसलंही नसेल.
तिचा लामा हरवतो (प्राणी, साधू नव्हे),
तो सापडतो की नाही, विचारू नका,
मी त्या दाताकडेच पाहत बसलो.
काय करता बाप्पा, माया धंदाच तसा.

बोरकुटे पोस्टात होते, आगगाडीत टपाल छाटायचे.
एवढं मोठं गाव दाखवलं
अन् एक पत्रपेटी नाही,
म्हणून त्यांनी पोर्तुगालला नापास केलं.
माझी तक्रार शेवटाची.
शेवट उघडा ठेवलाय, म्हणे.
अहो, दार उघडं ठेवायला
आधी दार बसवावं लागतं.

या खेपेला एका मुलीचा सिनेमा होता.
नंदनवार, उमरेडची. भावाचा कॅमेरा,
एकाहत्तर मिनिटं, नट एकही नाही.
गेलेल्या बापाचं खातं बंद करायला
एक पोरगी या बँकेतून त्या बँकेत फिरते,
बस, इतकंच.
मी वहीत लिहीत होतो:
आवाज फाटतो. मधला भाग लांबलाय.
तेवढ्यात ती शहीद चौकात थांबते,
चपलेचा अंगठा ठाकठीक करायला वाकते,
आणि तिच्यामागून एक माणूस जातो.
डोक्या-तोंडाला पांढरा दुपट्टा,
पिशवीतून कोथिंबीर बाहेर आलेली.

बोरकुट्यांनी कोपर मारलं.

चार सेकंद.
इतकी वर्षं मी कोण कसं चालतं यावर बोललो,
हा खोटा चालतो,
हिच्या चालण्यात ओझं नाही,
आणि हा इसम डावा खांदा पाडून
असा घाईनं निघालेला
जसं घरी कुणी ताट वाढून बसलंय.
कुणी बसलेलं नव्हतं.
कोथिंबीरही एका माणसाला जास्तच होती,
अर्धी काळी पडून गेली, आठवतं मला.

दिवे लागले. मुलगी वही घेऊन आली.
काका, कसा वाटला?
आवाज फाटतो, म्हणालो. मधला भाग लांबलाय.
तिनं लिहून घेतलं.
आणि चौकातला तो मागून जाणारा?
सगळे म्हणतात लक्ष त्याच्याकडेच जातं,
काढून टाकू?
बोरकुट्यांनी तोंड उघडलं,
मी त्यांच्या पायावर पाय ठेवला,
कूलरचं बटण बंद केलं.
हॉलमध्ये एकदम बाहेरचा आवाज आला,
ऑटोवाले, कुणाचं तरी भांडण.

राहू दे, म्हणालो.
दात दिसत नाहीत त्याचे.